तीन मिलिमीटर

सांगचोल जेवायला बसला तो तोंडापुढे हात धरूनच.

समोर होणारे व्याही आणि विहीणबाई, शेजारी बायको ओकसुन, टोकाला मुलगी हेवॉन आणि तिचा होणारा नवरा. कोरियातल्या जोंजू शहरातल्या एका जुन्या खानावळीत दोन्ही घरं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसली होती.

सांगचोल न्हावी होता. तीस वर्षं लोकांचे कल्ले सारखे करणाऱ्या या माणसाचं स्वतःचंच तोंड वसंतात एका सकाळी वाकडं झालं. औषधांनी, सुयांनी बरंचसं सुधारलं. पण परवा दवाखान्यातल्या संगणकाने फोटोवर रेघा ओढून सांगितलं : ओठाचा डावा कोपरा अजून तीन मिलिमीटर खाली आहे. तेव्हापासून दुकानातल्या आरशात त्याला दुसरं काही दिसेना.

"हात काढा ना," ओकसुन कुजबुजली. "काही कळत नाही."

"तुला सवय झालीय."

मसाल्यात शिजवलेल्या वाफाळत्या बरगड्या आल्या. विचारलं तेवढंच तो बोलत होता. व्याह्यांनी आपल्या हट्टी बैलाची गोष्ट सांगितली, सगळे हसले. सांगचोलने पेला तोंडाला लावला. हेवॉनने मान खाली घातली.

शेवटी विहीणबाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"एक विचारते. मनात ठेवून घरी जायला नको. आमचा मुलगा तुम्हाला पसंत नाही का?"

सांगचोलचे कान तापले. "छे, भलतंच काय. मुलगा गुणी आहे."

"मग आल्यापासून एकदाही हसला नाहीत. मी म्हटलं, दाढ दुखत असेल. हे म्हणाले, दाढ कसली, माणूस नाराज आहे."

हेवॉनचे डोळे भरून आले होते. ते पाहिलं आणि सांगचोलने हात काढला.

"माझं तोंड वाकडं झालंय," तो म्हणाला. "मशीनवर मोजलंय. तुमच्यासमोर मुलीला कमीपणा नको, म्हणून झाकत होतो."

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ते टेबलावरून पुढे वाकले. विहीणबाईही वाकल्या. दोघांनी बराच वेळ न्याहाळलं.

"मला तर यांचंच जास्त वाकडं वाटतं," नवऱ्याकडे बघत विहीणबाई म्हणाल्या.

"थांब गं. नीट बघू दे." व्याह्यांनी आणखी जरा निरखलं. मग अगदी हळू, दुखवायला नको अशा बेताने, सांगचोलच्या उजव्या गालाकडे बोट केलं. "ही बाजू. ना? अगदी किंचित."

ओकसुन काहीतरी बोलणार होती. सांगचोलने टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

"हो," तो म्हणाला. "तीच." आणि त्याला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.