निवांत जागेतला नाताळ

तिसरा केकही फुगायचं नाव न घेता बसला, तेव्हा तिने ओव्हनचं दार धाडकन लावलं. यॉटचं स्वयंपाकघर ते केवढं, एका माणसाला धड वळता येत नाही, त्यात हे ऊन. लोण्याचं कधीच तेल झालं होतं आणि तिच्या अंगाचं पाणी.

वर डेकवर नवरा मात्र खुशीत होता. अर्धी चड्डी आणि डोक्यावर नाताळबाबाची लाल टोपी, अशा थाटात तो डोलकाठीवर दिव्यांची माळ चढवत होता.

"झाला का गं केक?"

"केकचं राहू द्या. नांगर कधी उचलताय?"

लेक फोन करणार होती. दर नाताळला करायची. त्यातून यंदा नातू नुकता बोलायला लागला होता, म्हणून हिचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला. आणि या खाडीत रेंजचा पत्ता नव्हता. पलीकडे, खडकाच्या टोकापाशी गेलं की मिळायची, पण साहेब हलतील तर ना.

"उद्या जाऊ की," तो वरून म्हणाला. "अशी निवांत जागा पुन्हा मिळते का? चिटपाखरू नाही बघ."

"मला चिटपाखरूच हवंय."

तो मोठ्याने हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वारा त्याच्या मर्जीचा, मुक्काम त्याच्या मर्जीचे. तिने अख्ख्या प्रवासात एक फोन तेवढा मागितला होता. तिने ॲप्रन काढून फेकला, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि मागे बांधलेल्या रबरी होडीत उतरली.

"अगं, कुठे निघालीस? केक कोण कापणार?"

"करवत घ्या."

वल्ही मारायची सवय कुठली? खांदे भरून आले, पाठ भाजून निघाली, होडी भलतीकडेच तोंड वळवायची. निव्वळ रागाच्या जोरावर ती खडकाच्या टोकाला पोचली. रेंज दिसली तसा तिने घाईघाईने नंबर लावला.

"आई! तू कसा काय फोन केलास?" लेक चाटच पडली. "बाबांनी बजावलं होतं ना, आईला यंदा शांतता हवीय, कुणी फोन करू नका म्हणून. मला तर काळजीच वाटली, एवढी कशाने दमली ही?"

हातातलं वल्हं निसटत होतं, ते तिने कसंबसं धरलं. रडूच यायचं, पण राग आधी आला.

"आई? आहेस ना?"

"आहे. बाळाला दे."

फोनमध्ये खुडबुड झाली. कुणीतरी जोरजोरात श्वास घेतला, आणि मग इवलासा आवाज आला, "आबा!"

"बघ, सकाळपासून आबांचाच धोशा लावलाय," लेक हसत म्हणाली. "बाबांना दे ना. ऐकून वेडे होतील."

तिने मागे वळून पाहिलं. दूर डेकवर उभा राहून नवरा दोन्ही हात हलवत होता.

"आबांना यंदा कुणाचे फोन नकोत," ती म्हणाली. "त्याला सांग, आजी म्हण."