वायरमन बाई

चंपतने स्कूटीच्या मागे पाहिले. मग रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिले. दुसरे कोणी येत नव्हते.

"वायरमन कुठी हाये?" त्याने विचारले.

"मीच," हेल्मेट सारखे करत ती म्हणाली. "उज्ज्वला. कोनता खांब?"

अनसिंगच्या अलीकडे चंपतची दीड एकर भाजीची वाडी होती. वाडीच्या कडेला, धुऱ्यावरच्या खांबावर तार तुटली होती आणि तीन दिवस मोटार बंद होती. वर एप्रिलचे ऊन. मेथीने मान टाकली होती, वांगी त्याच वाटेवर होती. फोन करकरून चंपतने ऑफिसला भंडावून सोडले, तेव्हा कुठे ऑफिसने माणूस पाठवला. आणि तो माणूस बाई निघाला.

शेजारच्या वावरातून जगदेव धावतच आला. जगदेवला विजेतले सगळे कळायचे. मागे त्याने स्वतःच्या हाताने फ्यूज बसवला होता. त्यात आळीतले चार पंखे जळाले, हे तो सांगत नसे.

"ताई, तुमच्यासंग कोनी मानूस नाही?"

"सामान हाये ना," उज्ज्वला म्हणाली आणि दोर, पट्टा, पक्कड काढू लागली.

चंपतची मुलगी पल्लवी मेथीच्या वाफ्यात होती. अकरा वर्षांची. ती विळा टाकून आली आणि कंबरेला पक्कड खोचलेल्या त्या बाईकडे बघत उभी राहिली. तोंड उघडले ते मिटायचे विसरली.

उज्ज्वलाने खांबाजवळच्या डीपीचे हँडल ओढून लाइन बंद केली. डीपीच्या पेटीचे कुलूप कधीच कोणीतरी भंगारात विकलेले. हँडलजवळ कोणीतरी उभे राहायला हवे होते.

"मी राह्यतो ना उभा," जगदेव म्हणाला. हँडल कसे चालते ते समजावून सांगताना त्याने तेवढ्यात दोनदा हँडलला हात लावला.

उज्ज्वलाने त्याच्याकडे पाहिले. मग पल्लवीकडे.

"तुहं नाव काय?"

"पल्लवी."

"पल्लवी, मी खाली येऊन सोता सांगत नाही, तवर या हँडलले कोनी हात लावला नाही पायजे. कोनीच नाही. तुहा बापही नाही."

पल्लवीने धुऱ्यावरची कपाशीची एक वाळकी पऱ्हाटी उपटली आणि हँडलसमोर उभी राहिली.

उज्ज्वला चढू लागली. अर्ध्यावर गेली आणि थांबली.

"डावा पाय वर घ्या," जगदेव खालून म्हणाला. "नाही नाही, उजवा."

ती हलली नाही. बराच वेळ गेला. मग तिचा एक पाय खाली आला. मग दुसरा.

"पाह्य चंपत, मी म्हनलं होतं ना, संग मानूस पायजे," जगदेव म्हणाला.

"ताई!" पल्लवी ओरडली. "तुमी बिनघोर चढा! अथी मी हावो!"

खांबावर थोडा वेळ काहीच झाले नाही. मग पाय पुन्हा वर गेला. थेट टोकापर्यंत.

दहा-पंधरा मिनिटे ती वर खुडबुड करत होती. मग तिने एक हात जोरजोरात हलवला.

"झालं! इशारा केला!" जगदेव ओरडला. "टाक चंपत, हँडल टाक! लाइन चालू कर!"

चंपत तीन दिवसांचा तहानलेला माणूस. तो धावला. समोर पल्लवी.

"सरक."

"खाली येऊन सांगन म्हने ताई."

"अवं, मी तुहा बाप हावो!"

"बापही नाही म्हने."

चंपतने तिला बाजूला सारून हात पुढे केला. सटकन पऱ्हाटी त्याच्या मनगटावर बसली. चंपत जागीच थिजला. आजवर त्याच्या घरात त्याच्यावर कोणी हात उगारला नव्हता. निदान दिवसाढवळ्या तरी नाही.

"ओ! गांधीलमाशी हाये वो अथी!" वरून उज्ज्वलाचा आवाज आला. हात अजून हलत होता. दुसऱ्या हाताच्या मुठीत तार होती.

चंपतने तार पाहिली. मूठ पाहिली. हँडल पाहिले. मग तो बांधावर बसला आणि पाच मिनिटे उठला नाही. जगदेवला घरी काहीतरी काम आठवले.

उज्ज्वला खाली उतरली, डीपीशी आली, पल्लवीला म्हणाली, "झालं. सरक आता." तेव्हा कुठे पल्लवी सरकली. हँडल पडले, मोटार गुरगुरली, पाइपातून आधी फुसफुस आणि मग पाणी आले.

चंपतने चहा मागवला. तो मनगट चोळत बसला होता.

"ताई, हे काम कराले काय शिका लागते?" पल्लवीने विचारले.

"दहावी. मंग आयटीआय."

"थे पोरींले घेतेत?"

"मले घेतलं ना."

पल्लवीने बापाकडे पाहिले. चंपतने आपल्या मनगटावरच्या वळाकडे पाहिले.

"वाशिमले हाये आयटीआय," तो म्हणाला. "घेतीन. नाही म्हनाची त्यायची का हिंमत हाये?"

उज्ज्वला हसून निघाली. वळणापलीकडे, वाडी दिसेनाशी झाल्यावर तिने स्कूटी बाभळीखाली लावली. मग तिने आपल्या वरिष्ठ वायरमनला, उदयसिंगकाकांना फोन लावला.

"कुठी हायेस?" ते घाबरेघुबरे झालेले. "पयल्यांदाच एकटी चढनार होती तू. मी निंगालोच हावो तिकडे. राहू दे, उतर खाली. मी करतो."

"झालं, काका."

"झालं? चढली तू? टोकावर?"

"अर्ध्यातून उतरूनच राह्यली होती, काका," उज्ज्वला म्हणाली. "पन खाली एक पोट्टी होती. तिले वाटे, मले येते."