रिव्हरसाइडवरची एक चक्कर

डेल्फिना ओठांना लाली लावून, डोक्याला निळा रुमाल बांधून गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिचा नवरा तीनो जुन्या बनियनच्या चिंधीनं गाडीच्या चाकातल्या बारीक तारा पुसत होता.

"रविवार आहे," ती म्हणाली. "गिऱ्हाईक दुपारी यायचंय. तोवर एक चक्कर मारून येऊ. रिव्हरसाइड रस्त्याच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं."

तीनोनं मान वर केली नाही. "रस्त्यावर नवी खडी टाकलीय."

"बरं, पुलापर्यंत."

"अगं, पूल काय आणि टोक काय, खडा तो खडाच. या रंगाचा एक टवका उडाला ना, तर तेवढाच भाग रंगवून भागत नाही. अख्खी बाजू खरवडून पुन्हा करावी लागते. मग हातात काय राहतं? धुपाटणं."

गाडी एकोणीसशे चौसष्टची इम्पाला. भंगारातून आणलेली. आता पिकल्या चेरीसारखी लाल, आत नवं इंजिन, बटण दाबलं की नाक वर करणारी आणि पुन्हा दाबलं की जमिनीला पोट टेकवणारी. तीनो अशा गाड्या बांधायचा, विकायचा आणि त्या पैशात पुढच्या गाडीचा सांगाडा आणायचा. पत्र्याचे पैसे निघत, रंगाचे निघत, हातांचे मात्र कोणी देत नसे. आणि न चालवलेली गाडी सगळ्यांत महाग जाते, हा या धंद्यातला नियम. त्यामुळे आमचं सगळं एस्पान्योला गाव दर रविवारी आपापल्या बऱ्यावाईट गाड्यांत बसून रिव्हरसाइडवर मुंगीच्या पावलांनी फिरायचं, आणि गावातल्या सगळ्यांत देखण्या गाड्या बांधणाऱ्याची बायको कडेला घडीच्या खुर्चीत बसून त्यांना हात करायची.

"प्रत्येक वेळी म्हणतोस, ही आपली," डेल्फिना म्हणाली. "पिवळी आपली होती. हिरवी आपली होती. सगळ्या गेल्या टेक्सासला. मी आपली इथंच."

"पुढची नक्की आपली."

"पुढची म्हणे. या गाडीखालून बाहेर यायला तुला रोज माझा हात लागत होता, म्हाताऱ्या. पुढचीच्या खाली शिरणार कोण?"

तिला काही गाडी नको होती. त्याच्या शेजारी बसून, खिडकीतून कोपर बाहेर काढून एकदा त्या रस्त्यानं जायचं होतं, बस. हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं चिंधीची घडी घातली, पुन्हा मोडली, आणि खिशातली किल्ली चाचपली.

तेवढ्यात बंद ट्रेलर लावलेला एक ट्रक अंगणात वळला. गिऱ्हाईक वेळेआधीच आलं होतं.

ब्रँट नावाचा हा माणूस डॅलसचा. चांगल्या पँटीची पर्वा न करता तो सरळ जमिनीवर आडवा झाला आणि टॉर्च घेऊन चाकांच्या मागं बघत राहिला. मग काचेला डोळे लावून त्यानं मैलांचा काटा पाहिला. रंगाऱ्याकडे नेली-आणली, तेवढेच मैल.

"कोणी चालवलीच नाही?"

"कोणीच नाही," तीनो म्हणाला.

डेल्फिनानं रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"उत्तम. मीही नाही चालवणार. झाकून ठेवीन, भाव चढला की पुढं देईन." तीनोला बरं वाटावं म्हणूनच तो हे बोलला असावा. ठरल्या किमतीत त्यानं एक डॉलरही पाडून मागितला नाही. चेक तीनोच्या हातात आला. तीनोचं गणित बरोबर निघालं होतं.

ब्रँट ट्रेलरमधून लोखंडी दोर ओढत आणू लागला. "यंत्रानं आत खेचून घेतो."

"दोर लावून खेचायला ती काय मेलेली गाय आहे?" तीनो म्हणाला. "मी चढवतो."

पण त्यानं दार उघडलं ते पलीकडचं.

"बस," तो बायकोला म्हणाला.

"ट्रेलरपर्यंत?"

"बस म्हणतो ना."

"अहो, सीट कोरी आहे हो," ब्रँट घाईनं पुढं आला.

"तिनंच शिवलीय ती."

डेल्फिना बसली. स्कर्ट सारखा केला. तीनोनं बटण दाबून गाडी पार खाली आणली, अगदी जमिनीलगत, आणि सोडली. अंगण ते केवढं, पण गाडी अशी निघाली की बाजूनं कोंबडी चालली असती तर ती पुढं गेली असती. डेल्फिनानं काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, हनुवटी उचलली. जर्दाळूच्या झाडाला तिनं हात केला. दोरीवरच्या कपड्यांना केला. शेजारच्या रिकाम्या ओट्यालाही केला.

"काही बिघाड आहे का?" ब्रँट गाडीबरोबर चालत म्हणाला. "इतकी हळू?"

"आमच्याकडे अशीच चालवतात," तीनो म्हणाला.

ट्रेलरची फळी जवळ आली.

"थांब," डेल्फिना म्हणाली. "सिग्नल लाल आहे."

अंगणात कसला सिग्नल? समोर उघडा ट्रेलर होता, आत अंधार होता, आणि कडेला ब्रँट घड्याळ बघत उभा होता.

तीनोनं ब्रेक दाबला. एक हात स्टिअरिंगवर ठेवला, दुसरा तिच्या खांद्यामागून टाकला. दोघं समोर बघत बसून राहिली. हिरवा व्हायची दोघांनाही घाई नव्हती.