वीतभर पुढे

चेंडू जाळ्यात होता आणि झेंडा वर होता. दोन्ही त्याला एकदमच दिसलं.

अंतिम सामना, बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. गोल मारून तो हात पसरून वळला, तर पंच शिट्टी वाजवून कडेच्या रेषेकडे बोट दाखवत होते. ऑफसाइड. पास सुटला तेव्हा तो समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता, असं लाइन्समनचं म्हणणं. गोल रद्द.

आणि रेषेवर झेंडा धरून उभे होते त्याचे वडील.

त्याला सगळे भडका म्हणत. वय एकोणीस. चेंडू त्याच्या पायाला चिकटून पळायचा, डोकं मात्र कुणाच्याच हाती लागायचं नाही. या मोसमात तीन लाल कार्डं झाली होती. तिसऱ्या वेळी तर त्याने लाइन्समनच्या हातातला झेंडा हिसकावून काठी गुडघ्यावर मोडली होती. तो लाइन्समन पोस्टमन, सुट्टीच्या दिवशी हौसेने यायचा. आज त्याने निरोप पाठवला, की त्या पोराच्या सामन्याला मी यायचा नाही. दुसरं कुणी तयार होईना. शेवटी गर्दीतून वडील पुढे आले. "माझ्या पोरापायी अडलंय, मीच उभा राहतो," म्हणाले. समोरच्या संघानेही हरकत घेतली नाही. वडील टेलर होते. निम्म्या वस्तीचे कपडे त्यांनी शिवले होते, आणि टेलरकाका मापात पाप करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भडका धावत सुटला. सरळ रेषेकडे.

"धरा त्याला," मागून संघाचे प्रशिक्षक सर ओरडले. अजून एक लाल कार्ड म्हणजे वर्षभराची बंदी. ते त्याला आठवत होतं आणि आठवून काही उपयोग नव्हता. कानशिलं तापली होती. मुठी आपोआप वळल्या होत्या. दहा वर्षं हा माणूस आपल्यासाठी मैदानं पालथी घालतोय, आणि नेमका आज, नेमका आपलाच गोल याला खुपला.

तेवढ्यात त्याला दिसलं. वडिलांनी त्याला येताना पाहिलं, आणि ते अर्धं पाऊल मागे सरकले.

पोस्टमनही असाच मागे सरकला होता.

भडक्याचे पाय मंदावले. तोवर कप्तान तिथे पोचला होता. त्याने वडिलांची कॉलर धरली. "काका, डोळे आहेत की बटणं?" गर्दीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, आता काज करायलाही दुसरा टेलर बघायला हवा. आणखी चारपाच जणांनी वडिलांना घेरलं. वडिलांनी झेंडा खाली घेतला नाही.

भडका आला तशी पोरं बाजूला झाली. आता खरी मजा, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. पंचांचा हात खिशाकडे गेला.

भडक्याने कप्तानाची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली.

"मी पुढे होतो," तो म्हणाला.

"काय?"

"ऑफसाइड होतो मी. झेंडा बरोबर आहे. चला, खेळा."

कप्तान त्याच्याकडे बघतच राहिला. मग थुंकला आणि निघून गेला. सामना पेनल्टीवर गेला. भडक्याने आपली पेनल्टी मारली, तरी ते हरले. बक्षीस समारंभाला तो थांबला नाही. संघातल्या कुणी त्याच्याशी शब्द काढला नाही. बुटांची नाडी सोडता सोडता त्याने ती तोडली.

बापलेक घरी आले. वडील सरळ पुढच्या खोलीत, दुकानात जाऊन मशीनपाशी बसले. एक पँट पुढ्यात ओढली. दोरा सुईत घातला, काढला, पुन्हा घातला. मशीनचं पायडल काही हलेना. भडका दारात उभा होता. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होता. आत जावंसं वाटत नव्हतं, तिथून हलवतही नव्हतं.

"किती पुढे होतास रे?" वडिलांनी वर न बघता विचारलं.

"जाऊ द्या ना, बाबा."

"जाऊ कसं देऊ? ऊन तोंडावर होतं. मला वाटलं तू पुढे आहेस, म्हणून हात वर केला. पण हल्ली..." ते थांबले. "परवा त्या मास्तरांची पँट अर्धा इंच तोकडी झाली. काल वकिलाच्या बाह्या. डोळाच दगा देत असेल तर लोकांचं कापड नासवण्यात अर्थ नाही. मशीन विकून टाकलेलं बरं. तू खरं सांग. किती?"

भडक्याने चौकट घट्ट धरली.

"वीतभर," तो म्हणाला.

"नक्की?"

"चांगला वीतभर, बाबा. आंधळ्यालाही दिसलं असतं."

वडिलांनी अंगठा आणि करंगळी ताणून हवेतच वीत धरली. तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "वीत म्हणजे नऊ इंच," ते स्वतःशीच म्हणाले. "तेवढं दिसतं मला अजून." त्यांनी पँट सुईखाली सरकवली आणि मशीन सुरू झालं.

भडका तिथेच उभा राहून तो आवाज ऐकत राहिला. पास सुटला त्या क्षणी त्याने मान वळवून पाहिलं होतं. तो बचावपटूच्या मागे होता, चांगला वीतभर.