चहाला पेट्रोलचा वास

बोटीचं इंजिन फुरफुरलं, मिनिटभर चाललं आणि परत मेलं. सासऱ्यांनी इंजिनाची ओढदोरी सोडून खांदा चोळला. धक्क्यावर भंगारवाला हातगाडीला टेकून उभा होता.

"आजोबा, आता त्याला सुखानं जाऊ द्या," तो म्हणाला.

सासऱ्यांनी त्याला शब्द दिलेला होता. दुपारपर्यंत इंजिन चाललं नाही तर ते भंगारात जाणार आणि तीस वर्षं माणसं पैलतीरी पोचवणारा माणूस घरी बसणार. सून बोटीत पाना धरून बसली होती. नवरा परगावी नोकरीला, म्हणून हत्यारं द्यायला आठ दिवस तीच येत होती. एरवी तिचं बोटीत काही काम नव्हतं. "मला चालवायला शिकवा," असं ती दोनदा म्हणाली होती. दोन्ही वेळा सासरे "बघू" म्हणाले होते, आणि त्यांच्या "बघू"चा अर्थ अख्ख्या घराला ठाऊक होता.

आठ दिवसांत करायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. स्पार्क प्लग नवा, पेट्रोल ताजं, कार्ब्युरेटर खोलून लख्ख केलेला. मेकॅनिक दोनदा आला, इंजिनाला कान लावून बसला आणि "वय झालं, काका" असं सांगून गेला. तो इंजिनाबद्दल बोलत होता. सासऱ्यांनी ते स्वतःला लावून घेतलं. तेव्हापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं आणि सुनेला ते बघवत नव्हतं.

"फुगा दाब," ते म्हणाले.

पेट्रोलच्या डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर रबरी फुगा होता. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. तिने हात लावला तर फुगा पार चपटा पडलेला. दाबून सोडला तरी भरेना. डबा तर काठोकाठ होता. ती डब्यावर वाकली आणि थबकली. वासच येत नव्हता.

चोरीच्या भीतीने हा डबा रोज संध्याकाळी घरी यायचा आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसायचा. नऊ दिवसांपूर्वी तीच फणकाऱ्याने म्हणाली होती, "बाबा, चहालासुद्धा पेट्रोलचा वास येतो हो." दुसऱ्या दिवसापासून वास गेला होता. कसा गेला, हे तिने विचारलंही नव्हतं.

डब्याच्या झाकणावर हवेचा बारका स्क्रू होता. तिने बोटं लावून पाहिली. पिळून घट्ट बसवलेला. सुनेचा चहा बिघडू नये म्हणून ते तो बंद करत होते आणि सकाळी उघडायचं विसरत होते. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. आठ दिवस सगळे इंजिनाच्या नावाने खडे फोडत होते आणि सुरुवात झाली होती तिच्या नाक मुरडण्यापासून.

आता हे भंगारवाल्यासमोर सांगायचं? ती मोठ्याने खोकली आणि त्या खोकल्यात स्क्रू फिरवला. डब्याने सुस्कारा सोडला. हातातला फुगा टम्म भरला.

"बाबा, एकदा ओढा."

"कितव्यांदा एकदा?" भंगारवाला म्हणाला.

सासऱ्यांनी ओठ आवळून दोरी ओढली. इंजिन धडधडलं. एक मिनिट झालं. दोन झाली. भंगारवाल्याने घड्याळात पाहिलं. पाच झाल्यावर त्याने रिकामी हातगाडी वळवली. सासऱ्यांनी बोट सोडली आणि मधल्या खडकाला असा काही झोकदार वळसा घातला की पैलतीरावरची माणसं हात हलवू लागली. ते ताठ बसले होते. सुनेला हसू आणि रडू एकदमच आलं.

परत आल्यावर त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग स्क्रूकडे. मग तिच्याकडे.

"आपोआप सैल झाला असेल," ती म्हणाली.

"असेल." ते मिशीतल्या मिशीत हसले. "घरी मी तो बंदच करणार. चहाला वास नको. पण सकाळी माझ्या ध्यानात राहत नाही, सूनबाई. उघडायला रोज तुलाच बोटीवर यावं लागेल."