खारी उठली नाही

"मामा, अजून वाढवू?" एका कानावरचा इअरमफ सरकवत शाल्मलीने विचारलं. उत्तराआधीच तिची नजर दाराकडे गेली. दारात खारी आडवी पसरली होती.

वीज दिली की थरथरणारी, केसाहून पातळ पिझो फिल्म काचेआड जोरात थरथरत होती. तिचा आवाज माणसाला ऐकू येत नसे, पण कानांना इजा करायचा; म्हणून दोघं कान झाकणारे इअरमफ घालत. फिल्म तडकण्याआधी तो बदलायचा, ते मीटरलाही कळत नसे. पण तीन वर्षं प्रयोगशाळेत मुक्काम ठोकून असलेल्या या कुत्रीला कळायचं. ती कान टवकारून उठली, की शाल्मली घाईघाईने वीज कमी करायची. अशा किती फिल्म वाचल्या होत्या!

आता एकच उरली होती, आणि दुपारी मोठी माणसं चाचणी बघायला येणार होती.

"वाढवा मॅडम," शिपाई घोलपमामा म्हणाले. "खारी निवांत आहे."

तिने बटण फिरवलं. तड्! फिल्म मधोमध फुटली.

शाल्मली तरातरा दाराशी गेली. "आज का नाही गं उठलीस?"

खारी झोपलेलीच. मामांना कसलीशी शंका आली. त्यांनी तिच्यामागे बिस्किटांचा पुडा कुरकुरवला. या आवाजाला ती फाटकापासून धावत यायची. आज तिचा कानही हलला नाही.

शाल्मलीने खारीच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती दचकून उठली आणि नेहमीसारखी शेपूट हलवू लागली.

मामांनी दोघांचे इअरमफ खुंटीला अडकवले. पहिल्यापासून ते दोनच होते.