कापश्याचा वाटा

आक्कानं ओव्हनचं दार उघडलं आणि ट्रे ओट्यावर ठेवला. बारीक दळलेले ओट्स, किसलेलं गाजर, कुस्करलेलं केळं आणि चिमूटभर कोथिंबीर. साखर नाही, मीठ नाही, तूप नाही. दर रविवारी सकाळी ती आपल्या दोन सशांसाठी अशी बारा बिस्किटं भाजायची. सहा काळीची, सहा कापश्याची. ससा आता एकच उरला होता, तरी आजही तिनं बाराच केली होती.

काळी पिंजऱ्यात कापश्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. आक्कानं एक बिस्किट मोडून तिच्यापुढं ठेवलं, पाच डब्यात भरली. उरलेली सहा काचेच्या बशीत मांडली. ही बशी एरवी फक्त पावण्यांपुढं जायची.

कापश्या गेल्या रविवारी नाहीसा झाला. "बोक्यानं न्हेला आसंल," असं विजयसिंहानं तोंड वर करून सांगितलं होतं. विजयसिंह तिचा धाकटा भाऊ. त्याच दुपारी तो दोस्तांबरोबर मळ्यात जेवून आला आणि येताना घरच्यांसाठी डबा घेऊन आला. गावठी कोंबडा आणि पांढरा रस्सा.

दुसऱ्या दिवशी डबा घासताना तळाशी एक हाड निघालं. दोन पेरांएवढं, चपटं, तीनकोनी. खांद्याचं. बकऱ्याचं असतं अगदी तसं, पण इवलंसं. कोंबडीला असलं हाड नसतं. गेली तीस वर्षं या घरातलं मटण आक्काच्या हातून शिजत होतं; तिला फसवायचं तर भावानं निदान डबा तरी नीट तपासून आणायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती कुणाला काही बोलली नाही. हाड धुऊन, पुसून तिनं पदराच्या गाठीला बांधलं. रविवारी भाऊ आणि त्याचे दोन दोस्त पुन्हा बाहेरच्या सोप्यात जमणार, हे तिला ठाऊक होतं.

जमलेही. विजयसिंह, उदयसिंह आणि गुंडू पाय पसरून बसले होते. आज मळ्यात काय कापायचं, यावर खल चालला होता. आक्कानं चहा ठेवला आणि बशी पुढं केली.

"आयला, आज बिस्किटं घरातली?" उदयसिंह सावरून बसला.

"मीच केल्यात. घ्या की."

तिघांनी एकेक उचललं. गुंडूनं आपलं जपून अर्धं खाल्लं आणि घाईनं चहाचा घोट घेतला. विजयसिंहानं सगळं एकदम तोंडात कोंबलं आणि मग तोंड वाकडं केलं.

"साखर घालायची इसरलीस व्हय गं?"

"इसरायला काय झालं? सशाला साखर चालत न्हाय."

उदयसिंह मोठ्यानं हसला. "म्हंजी आक्का, आमाला सशाचा खाऊ चारताय तुमी?"

"तुमाला न्हवं. कापश्याला."

उदयसिंहाचं हसू तिथंच थांबलं.

"आगं, त्यो बोक्यानं..." विजयसिंहानं सुरुवात केली.

आक्कानं पदराची गाठ सोडली आणि ते हाड बशीत, उरलेल्या तीन बिस्किटांच्या मधोमध ठेवलं. "ताजी बिस्किटं निघाली की पयलं त्याला लागत्यात. पिंजऱ्यात तर त्यो न्हाय. मग जितं हाय तितं नको का पोचवाय?"

गुंडूनं उरलेलं अर्धं बिस्किट चहात बुडवून धरलं होतं. ते विरघळून कपात पडलं तरी त्याची बोटं तशीच राहिली.

"आता सांगा," पंगतीत वाढताना विचारावं तसं आक्कानं विचारलं, "तंगडी कुणाच्या वाट्याला आल्ती? त्याला दोन."

गुंडूची नजर आपसूक विजयसिंहाकडं गेली. आक्कानं दोन बिस्किटं उचलून भावाच्या तळहातावर ठेवली आणि त्याचा चहा उचलून बाजूला सरकवला.

"आक्का, चुकलं. कोंबडा मिळाला न्हाय त्या दिवशी. आनी ह्यांच्यापुढं मी शब्द दिऊन बसल्तो."

"खा. उपाशी हाय त्यो."

विजयसिंहानं खाल्लं. कोरडा घास घशाखाली उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचं की कशाचं, याच्याशी आक्काला काही देणंघेणं नव्हतं. तिला बरं वाटत होतं. आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं, आणि भावानं आणखी थोडा वेळ असंच खोकत राहावं, असंही वाटत होतं.

"झालं न्हवं आता?" त्यानं तोंड पुसत विचारलं.

"आजचं झालं. फुडच्या रविवारी परत."

बशीत एकच बिस्किट उरलं होतं. ते आता कुणाच्या हातावर पडतंय, म्हणून उदयसिंह आणि गुंडू एकमेकांकडं बघू लागले.

आक्कानं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. बिस्किट तिनं स्वतःच उचललं.

"ह्ये माझं," ती म्हणाली. "वाटीभर रस्सा मी बी भुरकला हुता. लई चांगला झालाय म्हनून आनी मागून घेतला."

आणि ती सावकाश चावू लागली.